उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?

उन्हाचा कडाका वाढला की एक सल्ला हमखास ऐकू येतो: तापल्यावर हवा प्रसरण पावते, म्हणून टायरमध्ये चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमीच भरावी, म्हणजे टायर फुटणार नाही. या सल्ल्याचा पूर्वार्ध शाळेतल्या भौतिकशास्त्राला धरून असल्यामुळे त्याचा चुकीचा उत्तरार्धही सहज गळी उतरतो.

आधी हिशेब करू. आकारमान जवळपास स्थिर असेल तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणाऱ्या केल्व्हिनमधल्या तापमानाच्या, प्रमाणात वाढतो. दाबमापक 32 पीएसआय दाखवतो तेव्हा बाहेरच्या वातावरणाचे सुमारे 15 पीएसआय मिळवून आतला खरा दाब 47 भरतो. टायर 27 अंश सेल्सिअसवरून 57 अंशांवर गेला, म्हणजे 300 केल्व्हिनचे 330 झाले, तर हा दाब दहा टक्क्यांनी वाढेल आणि काटा साडेछत्तीसच्या आसपास येईल. धडधाकट टायर याहून कितीतरी अधिक दाब सोसतो. शिवाय चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते. (टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे, हा घोळ फार जण करतात.)

मग टायर तापून फुटतो तो कशामुळे? याचे उत्तर हवेत नसून रबरात आहे. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो मूळ उंचीपर्यंत कधीच परत येत नाही. दाबले जाताना त्याने जी ऊर्जा घेतली, तिचा काही हिस्सा सुटताना परत न मिळता चेंडूतच उष्णतेच्या रूपाने राहतो. कारण रबर काहीसे स्प्रिंगसारखे, तर काहीसे घट्ट वंगणासारखे वागते. त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींवर घासत सरकतात, आणि काळ्या टायरमधले काजळीचे कण हे घर्षण आणखी वाढवतात. प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरचे बल) आणि विकृती (त्याने आकारात होणारा बदल) यांचा आलेख काढला तर दाबताना मिळणारी रेषा आणि सोडताना मिळणारी रेषा एकमेकींवर बसत नाहीत. त्यांच्यामधले क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनात रबराच्या दर घन एककामागे निर्माण झालेली उष्णता होय. या घटनेला हिस्टेरेसिस म्हणतात.

ताशी 80 किलोमीटर वेगाने मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे बारा वेळा फिरते. प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग सात-आठ मिलिसेकंदांसाठी रस्त्याला टेकतो, चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. तासाभरात असे चाळीस हजारांहून अधिक वेळा घडते. हवा कमी असली की टायर अधिक दबतो, आणि उष्णता तर विकृतीच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. रबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती आतच कोंडते. टायरच्या खांद्याजवळ, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि कड जिथे मिळतात आणि आतल्या पोलादी पट्ट्यांच्या कडा संपतात, तिथे तापमान सर्वाधिक असते आणि थरांची पकड तिथूनच सुटू लागते. वेग फारच वाढला तर आणखी एक संकट उभे राहते. टायरच्या पृष्ठभागावरून लहर किती वेगाने धावेल हे, तारेप्रमाणेच, ताणावर अवलंबून असते. हवा कमी म्हणजे ताण कमी आणि लहर संथ. चाकाचा वेग या लहरीच्या वेगाहून अधिक झाला की रस्त्यावरून सुटलेल्या भागामागे स्थिर लाटा उभ्या राहतात आणि उष्णता झपाट्याने वाढते.

आता त्या साडेचार पीएसआयकडे पुन्हा पाहू. टायर तापला की दाब वाढतो, दाब वाढला की टायर कमी दबतो, आणि कमी दबला की कमी तापतो. म्हणजे ज्या वाढीची आपण धास्ती घेतो, तीच तापण्याला लगाम घालत असते. प्रवासात थांबून गरम टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडणारा माणूस नेमका हा लगाम सैल करतो. गाडीत प्रमाणाबाहेर ओझे भरले तरी परिणाम कमी हवेसारखाच होतो, हेही ध्यानात घ्यावे.

यावर नायट्रोजनचा उतारा सुचवला जातो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर दाब वाढण्याचा नियम त्यालाही तितकाच लागू आहे. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढा फायदा मान्य; पण त्याने टायर ‘थंड राहतो’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

दाब तपासायचा तो गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, आणि मापकाने. आधुनिक रेडियल टायरची कड पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेलीच दिसते, त्यामुळे नजरेचा अंदाज फसतो. लांबच्या प्रवासात थांबल्यावर मी मात्र चारही टायरच्या खांद्यांना हाताची मागची बाजू लावून पाहतो. एकदा सावलीच्या बाजूचा मागचा टायर बाकी तिघांपेक्षा स्पष्टपणे गरम लागला. मापक लावले तेव्हा तिघे 36 वर होते आणि तो 27 वर. व्हॉल्व्हवर बोटाने पाण्याचा थेंब ठेवला, तर त्यातून एक बारीक बुडबुडा सावकाश वर आला.