अनोळखी पक्ष्याची ओळख (ठाणे खाडी परिसर)

मोकळ्या निसर्गात दिसलेल्या अपरिचित पक्ष्याची जात ठरवण्याची रीत. ठाणे आणि नवी मुंबईत तिचा सराव वर्षभर करता येतो. एका अंगाला येऊरचे जंगल आणि मध्ये खाडी, तर ऐरोली, वाशी, नेरूळच्या बाजूला तिवरे आणि चिखलाची पट्टी आहे. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

‘वेगळाच पक्षी दिसला’ असे वाटते तेव्हा तो बहुतेकदा नेहमीचाच, फक्त वेगळ्या वेषातला असतो. या परिसरात सर्वांत जास्त चकवतो तो समुद्री बगळा. त्याच्या एकाच जातीत पाटीसारखे करडे आणि पांढरेशुभ्र असे दोन्ही पक्षी असतात, शिवाय अधूनमधून दोन्ही रंगांचे डागही दिसतात. करड्या पक्ष्याचा गळा पांढरा असल्याने तो ओळखता येतो. पांढरा मात्र लहान बगळ्यात सहज मिसळून जातो. लहान बगळ्याची खूण म्हणजे काळे पाय आणि पिवळे पंजे. पण खाडीच्या चिखलात पंजेच माखलेले असतील तर ती खूण कामाची नाही. अशा वेळी चोच पाहावी. लहान बगळ्याची चोच काळी व सडपातळ, तर समुद्री बगळ्याची जाड आणि पिवळसर-तपकिरी असते.

वंचक किंवा ढोकरी (बगळ्याच्याच कुळातला छोटा पक्षी) बसलेली असताना मातकट दिसते आणि उडताच पंख पांढरे होतात. विणीच्या काळात तिची पाठ गडद तांबूस होते, आणि तेव्हा रोज पाहणाराही गोंधळतो. ब्राह्मणी घारीचे तपकिरी पिल्लू साध्या घारीसारखेच भासते. मात्र साध्या घारीच्या शेपटीला खाच असते, ब्राह्मणीची शेपटी गोलसर असते. राखाडी रोहित (फ्लेमिंगो) म्हणजे नवी जात नव्हे, ते अजून गुलाबी न झालेले पोर. ‘लहान रोहित’ आणि ‘मोठा रोहित’ या मात्र दोन वेगळ्या जाती: लहान रोहिताची चोच गडद, मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी.

पाहिल्याबरोबर पुस्तक उघडू नये, हे आवर्जून सांगायला हवे. चित्र पाहिले की मन त्याच्याप्रमाणे आठवण बदलते. आधी वहीत लिहावे: आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच सरळ की वाकडी, पायांचा रंग, उडताना पंखांवर दिसलेली पट्टी, आवाज, चालण्याची ढब. उजेड कोणत्या बाजूने होता तेही लिहावे, कारण सूर्यासमोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. भरती-ओहोटीची वेळही नोंदवावी. ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगतात, तर भरतीला रोहित आणि तुतवार (चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी) नवी मुंबईतील पाणथळींवर टेकतात आणि जवळून पाहता येतात.

मोबाइलवरील ॲप फोटो किंवा आवाजावरून नाव सुचवते. ते नाव त्या ऋतूत, त्या अधिवासात जुळते का, हे पाहणाऱ्यानेच तपासायचे असते. पिंजऱ्यातून सुटलेला पोपट किंवा रंगद्रव्याच्या अभावी पांढरी पिसे आलेला कावळा ही शक्यताही विसरू नये. फोटोसाठी घरट्याजवळ जाणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावणे मुळीच योग्य नाही. विणीत त्यामुळे घरटे सोडले जाऊ शकते.

लहान तुतवारांच्या बाबतीत अनुभवी निरीक्षकही कधी कधी अडतो. मग ‘तुतवार, जात अनिश्चित’ एवढेच लिहितात, आणि ती नोंदही पूर्णपणे ग्राह्य असते.