रिअल-टाइम सिम्युलेशन: ५० मायक्रोसेकंदांचा हट्ट आला कुठून

रिअल-टाइम सिम्युलेशनचं (यंत्राचं किंवा वीज नेटवर्कचं गणिती मॉडेल खऱ्या घड्याळाच्या वेगाने चालवायचं) सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ते आधी टाइम स्टेप विचारतं, म्हणजे गणित किती वेळाच्या तुकड्यांनी पुढे न्यायचं. ऑफलाइन सिम्युलेशनची सवय असलेल्याला हा प्रश्न किरकोळ वाटतो, कारण तिथे सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) स्वतःच स्टेप लहानमोठी करत राहतो आणि उत्तर यायला दहा मिनिटं लागली तर लागली, कुणाचं काही अडत नाही. माझं पहिलं मॉडेल लॅपटॉपवर छान चाललेलं, तेच टार्गेटवर (रिअल-टाइम चालणाऱ्या मशीनवर) टाकलं आणि रन दाबल्या दाबल्या ओव्हररनचा (स्टेपचं गणित वेळेत न संपण्याचा) आकडा असा पळायला लागला की मला वाटलं मशीनच बिघडलं. मशीन ठीक होतं. एक स्टेप सोडवायला मॉडेलला ७० मायक्रोसेकंद लागत होते आणि मी वेळ दिला होता ५०. एवढं कळायला मला दोन दिवस लागले, आणि मग हा ५० चा हट्ट नक्की कशासाठी, हे शोधता शोधता मी मागचा सगळा इतिहासच वाचून काढला.

मुद्दा तसा एकच आहे. रिअल-टाइम म्हणजे फास्ट नव्हे, रिअल-टाइम म्हणजे वेळेवर. सिम्युलेटरच्या समोर खरा माणूस किंवा खरा कंट्रोलर बसलेला असतो, त्याला "जरा थांब, गणित चालू आहे" असं सांगता येत नाही. पुढे जे जे सांगतोय ते सगळं याच अडचणीतून निघालंय.

सुरुवात गणितापासून नाही, चक्क भात्यांपासून झाली. अमेरिकेत एडविन लिंकच्या घरचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा धंदा होता, तिथले हवेचे भाते आणि व्हॉल्व्ह वापरून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हलणारं छोटं विमान बनवलं. दांडी ओढली की ते त्याच क्षणी कलायचं. आधी कुणी फारसं लक्ष दिलं नाही, पण १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल विमानांचं काम आलं आणि खराब हवामानात वैमानिकांचे जीव जायला लागले, तेव्हा लष्कराने त्याच्याकडून सहा ट्रेनर घेतले. दुसऱ्या महायुद्धात तर लाखो वैमानिक यावर शिकले.

त्याच १९२९ साली एमआयटीत वेगळंच काहीतरी उभं राहिलं, एसी नेटवर्क अ‍ॅनालायझर. म्हणजे मोठ्या वीज नेटवर्कची खोलीभर छोटी प्रतिकृती, खऱ्या लाइनच्या जागी छोटे कॉइल, रेझिस्टर आणि कपॅसिटर, वायरी खोचून नेटवर्क जोडायचं आणि मीटर वाचायचे. यात गणित कुणी सोडवत नव्हतं, निसर्गच सोडवत होता, त्यामुळे उत्तर वेळेवर मिळायचं यात शंकाच नाही. पुढे अ‍ॅनालॉग कंप्युटर आले तेही याच जातीचे. जर्मनीत हेल्मुट होएल्झरने १९४१ मध्ये रॉकेटच्या कंट्रोलसाठी असा इलेक्ट्रॉनिक कंप्युटर बनवला, आणि युद्धानंतर विमानं, क्षेपणास्त्रं, अणुभट्ट्या सगळीकडे ऑप-अ‍ॅम्पची (बेरजेसारखी गणितं करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची) कपाटं दिसायला लागली. तोटा एवढाच की मॉडेल बदलायचं म्हणजे वायरिंग बदलायचं, आणि तापमान बदललं की उत्तरही थोडं सरकायचं.

डिजिटलची कथा मला सगळ्यात आवडते. १९४४ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला एकच असा फ्लाइट सिम्युलेटर हवा होता जो वेगवेगळ्या विमानांसारखा वागेल. एमआयटीत जे फॉरेस्टरच्या टीमने आधी अ‍ॅनालॉगवर विचार केला, मग लक्षात आलं की जमणार नाही, आणि ते डिजिटलकडे वळले. तेव्हाचे डिजिटल कंप्युटर एक गणित घ्यायचे, वेळ घेऊन सोडवायचे आणि उत्तर छापायचे. वैमानिकाने दांडी हलवल्यावर लगेच उत्तर देणारा कंप्युटर कुणी बनवलाच नव्हता! त्यातून व्हर्लविंड उभा राहिला, १९५१ मध्ये चालू झाला, आणि त्याच्या वेगासाठी मेमरी पुरेना म्हणून १९५३ मध्ये त्यात मॅग्नेटिक कोअर मेमरी बसली, जी नंतर वीसेक वर्षं जगभरच्या कंप्युटरांत राहिली. ज्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी हे सगळं सुरू झालं तो मात्र मधेच बाजूला पडला आणि मशीन हवाई संरक्षणाच्या कामाला लागलं.

आता ओव्हररनवर परत येतो, कारण त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचं आहे. १९६९ च्या जुलैमध्ये, अपोलो ११ निघायच्या थोडे दिवस आधी, सिम्युलेशन चालवणाऱ्या टीमने सराव करताना मुद्दाम कंप्युटरचा एक प्रोग्राम अलार्म टाकला. गायडन्स सांभाळणाऱ्या स्टीव्ह बेल्सला तो ओळखीचा नव्हता, त्याने लँडिंग रद्द करायला सांगितलं. नंतर चर्चेत निघालं की रद्द करायची गरजच नव्हती. मग फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झने सांगितलं की जे जे अलार्म येऊ शकतात त्या सगळ्यांची यादी करा, आणि जॅक गार्मन नावाच्या २४ वर्षांच्या इंजिनिअरने ती हाताने लिहून काढली. २० जुलैला खरोखर उतरताना १२०२ अलार्म आला, गार्मनकडे यादी तयार होती, काही सेकंदांत पुढे जायचा निरोप गेला आणि यान उतरलं. हा १२०२ होता काय? कंप्युटर सांगत होता की माझ्याकडे कामं जास्त झालीत, सगळी वेळेत संपत नाहीयेत. रांदेव्हू रडारकडून (दुसऱ्या यानाशी भेट जुळवायच्या रडारकडून) येणारे नको ते सिग्नल त्याचा वेळ खात होते. सॉफ्टवेअर असं लिहिलेलं होतं की अशा वेळी कमी महत्त्वाची कामं सोडायची आणि यान चालवायचं काम चालू ठेवायचं. तुमच्या स्क्रीनवर ओव्हररन दिसतो तेव्हा तो याच कुळातला असतो, आणि टेस्टिंगमध्ये फॉल्ट मुद्दाम का टाकायचे याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

त्याच १९६९ साली हर्मन डॉमेलचा एक पेपर आला, विजेच्या ट्रान्झियंटवर (नेटवर्कमधल्या क्षणभराच्या उलथापालथीवर). त्याची युक्ती थोडी थांबून बघण्यासारखी आहे. प्रत्येक इंडक्टर आणि कपॅसिटर काढून त्या जागी एक साधा रेझिस्टर आणि एक करंट सोर्स ठेवायचा, त्या करंट सोर्सचा आकडा मागच्या स्टेपच्या उत्तरावरून काढायचा. झालं, अवघड डिफरन्शियल समीकरणं गेली आणि दर स्टेपला फक्त रेझिस्टरचं सर्किट सोडवायचं उरलं. स्टेप ठराविक ठेवली की रेझिस्टरही बदलत नाहीत, म्हणजे बरंच गणित आधीच करून ठेवता येतं. लांब लाइनसाठी त्याने बर्जेरॉनची पद्धत घेतली, जी फ्रान्समध्ये पाइपमधल्या पाण्याच्या धक्क्याच्या अभ्यासातून आलेली होती. लाइनच्या एका टोकाला जे होतं ते दुसऱ्या टोकाला थोड्या वेळाने पोचतं, एवढंच त्यात आहे, पण त्याने पुढचं सगळं सोपं केलं. ५० मायक्रोसेकंदांत प्रकाश १५ किलोमीटर जातो, म्हणजे ओव्हरहेड लाइन साधारण त्याहून लांब असेल तर तिची दोन टोकं एका स्टेपच्या आत एकमेकांवर परिणामच करू शकत नाहीत. मग लाइनच्या अलीकडचं नेटवर्क एका प्रोसेसरला द्या आणि पलीकडचं दुसऱ्याला! आज सॉफ्टवेअर मॉडेलचे तुकडे करायला सांगतं आणि लाइनवरच तोडा म्हणतं, नवीन माणूस वैतागतो, पण ती मनमानी नाही, निसर्गाने दिलेली फट आहे.

ही फट वापरून कॅनडात विनिपेगच्या मॅनिटोबा एचव्हीडीसी (उच्च दाबाने डीसी वीज वाहून नेणं) रिसर्च सेंटरमधल्या लोकांनी अनेक प्रोसेसर एकत्र जोडून १९८९ मध्ये एचव्हीडीसीचं रिअल-टाइम डिजिटल सिम्युलेशन करून दाखवलं, आणि त्यातूनच १९९४ मध्ये आरटीडीएस टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली. आता ५० मायक्रोसेकंद. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका सायकलमध्ये ४०० बिंदू मिळतात, प्रोटेक्शन रिलेला (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाला) खऱ्या लाइनवर असल्यासारखं वाटायला ते पुरतात. तेव्हाच्या प्रोसेसरना तेवढ्या वेळात काम संपवणं जेमतेम जमायचं, म्हणून गाडी त्या आकड्यापाशी थांबली आणि पुढे तीच सवय झाली.

मोटारींकडे मात्र वेगळी घाई होती. इंजिन, ब्रेक सगळीकडे कंट्रोलर आले, आणि बर्फावरचा ब्रेक तपासायला दर वेळी खरी गाडी बर्फावर नेणं परवडत नाही. जर्मनीत पाडरबॉर्नला १९८८ मध्ये डीस्पेस ही कंपनी सुरू झाली ती याच कंट्रोलच्या कामातून, आणि खरा कंट्रोलर टेबलावर ठेवून बाकीची गाडी गणितात चालवायची, ही हार्डवेअर इन द लूप पद्धत हळूहळू सगळ्या गाडी कंपन्यांत शिरली. १९९० च्या सुमारास सिम्युलिंक (चित्रातले ब्लॉक जोडून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) आलं, मग ब्लॉकचं चित्र काढून त्यातून आपोआप सी कोड बनवायची सोय आली, आणि हाताने कोड लिहिणारा वेगळा माणूस लागेनासा झाला. १९९७ मध्ये माँट्रियलला ओपल-आरटी निघाली, खास मशीनऐवजी बाजारातले साधे पीसी प्रोसेसर वापरायचे हा त्यांचा आग्रह.

याच काळात १९९६ चा ४ जून येतो. एरियन ५ चं पहिलं उड्डाण, सुमारे ४० सेकंदांत रॉकेट संपलं. दिशा सांगणाऱ्या युनिटमध्ये ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये कोंबताना मावला नाही, मुख्य आणि राखीव दोन्ही युनिट एकाच कारणाने बंद पडली. तो कोड एरियन ४ वरून आलेला, तिथे तो आकडा कधी एवढा मोठा व्हायचाच नाही. चौकशी अहवालातली मला लागलेली गोष्ट पुढे आहे: संपूर्ण सिस्टिमच्या बंद लूपच्या (आउटपुट फिरून परत इनपुटला येतो अशा) टेस्टमध्ये ते खरं युनिट जोडलेलंच नव्हतं, त्याच्या जागी त्याचं सॉफ्टवेअर मॉडेल होतं. खरा डबा लूपमध्ये ठेवून नवा मार्ग एकदा चालवला असता तर ही चूक जमिनीवरच पकडता आली असती. हे वाचल्यापासून "मॉडेल आहे ना, हार्डवेअर कशाला" असं कुणी म्हणालं की मी आधी ही तारीख सांगतो.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (झटपट स्विच करून विजेचं रूप बदलणारी कन्व्हर्टरसारखी सर्किटं) आलं तेव्हा ५० मायक्रोसेकंद एकदम तोकडे पडले. १० किलोहर्ट्झवर स्विच करणाऱ्या कन्व्हर्टरची एक सायकल १०० मायक्रोसेकंदांची, म्हणजे तुमच्याकडे बिंदू फक्त दोन, त्यातून ड्युटी सायकल (सायकलमधला किती वेळ स्विच चालू असतो ते प्रमाण) काय दिसणार! १ मायक्रोसेकंदावर १०० बिंदू मिळतात, ड्युटी एका टक्क्यापर्यंत दिसते, आणि त्यासाठी एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं जोडता येणारी चिप) लागतो, कारण तिथे गणित एकामागून एक न होता एकाच वेळी सगळीकडे होतं. म्हणून आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच मॉडेलचे दोन भाग दिसतात, हळू भाग सीपीयूवर मोठ्या स्टेपने आणि वेगवान भाग एफपीजीएवर छोट्या स्टेपने.

नव्याने सुरू करत असाल तर पहिल्या दिवशी मोठं मॉडेल उघडू नका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एक साधी वायर घ्या, सिम्युलेटरचा अ‍ॅनालॉग आउटपुट त्याच्याच अ‍ॅनालॉग इनपुटला जोडा, मॉडेलमध्ये एक चौकोनी सिग्नल सोडा, आणि पाठवलेला व परत आलेला सिग्नल एकाच ग्राफवर बघा. दोन्हींमध्ये एक-दोन स्टेपचं अंतर दिसेल. ते वहीत लिहून ठेवा, मग स्टेप निम्मी करा आणि अंतर परत मोजा, मग मुद्दाम जड ब्लॉक टाकून ओव्हररन आणा आणि तेव्हा ग्राफचं काय होतं ते बघा. खरा कंट्रोलर जोडाल तेव्हा त्याला जग नेमकं एवढंच उशिरा दिसणार आहे.