जास्त वॉट म्हणजे जास्त मासे?

कयाकसाठी (वल्ह्याच्या छोट्या होडीसाठी) फिश फाइंडर-जीपीएस, म्हणजे पाण्यात ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं यंत्र, घेताना ‘वॉट बघा’ हा सल्ला हमखास मिळतो. वॉट वाढले की ध्वनिलहर जास्त खोल जाते, एवढंच. १०-१५ मीटर पाण्यात छोटं यंत्रही पुरून उरतं. काय दिसणार हे ठरतं लहरीची वारंवारता आणि ती ज्या शंकूच्या आकारात खाली पसरते त्याच्या कोनावरून: २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा तळ दाखवतो.

बॅटरी खातो तो मोठा, प्रखर स्क्रीन. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ०.७ अँपिअरचं यंत्र कागदावर १० तास चालतं; लेड-अ‍ॅसिड असेल तर त्याआधीच व्होल्टेज पडून बंद होतं.

चित्र खराब येतंय? आधी ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहर सोडणारा आणि परत टिपणारा भाग) तपासा. कयाकच्या आतून चिकटवताना हवेचा बुडबुडा राहिला, तर कितीही वॉट व्यर्थ. साइड-स्कॅनचा (होडीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारा) ट्रान्सड्यूसर मात्र पाण्यातच हवा.