खाजगी विंडो आणि अनामिक ब्राउझर

सत्र संपताच इतिहास, कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) व साठवलेली माहिती यंत्रावर उरू न देणारी सोय म्हणजे खाजगी विंडो. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) आणि ब्राउझरची ओळख समोरच्या साइटपासून झाकतो तो अनामिक ब्राउझर, उदाहरणार्थ टॉर या जाळ्यावर चालणारा टॉर ब्राउझर. वेब डेव्हलपर या दोहोंची गल्लत करतात, तेव्हा चाचणीचे निष्कर्षच चुकतात.

उगम : खाजगी विंडोचे श्रेय सहसा २००५ च्या सफारीला दिले जाते. इतिहास पुसण्याची सोय त्याआधीही होती. पण तो मुळात नोंदवायचाच नाही हा विचार वेगळा असल्याने हे श्रेय रास्त वाटते. क्रोममध्ये ती इन्कॉग्निटो या नावाने २००८ साली, तर फायरफॉक्समध्ये ही सोय २००९ साली आली. टॉरचा आरंभ काहीजण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, म्हणजे अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेतील गोल्डश्लाग, रीड व सिव्हर्सन यांच्या ऑनियन राउटिंगपासून (विनंती अनेक थरांत गुंडाळून टप्प्याटप्प्याने पाठवण्याच्या पद्धतीपासून) मोजतात. जाळे प्रत्यक्ष चालू झाले ते २००२ हे वर्ष धरणे अधिक सोयीचे. टॉर ब्राउझरचे काम साधारण २००८ पासूनचे.

खाजगी विंडो : ऐरोलीच्या कार्यालयात इन्कॉग्निटो उघडली, तरी विनंती त्याच वाय-फायवरून आणि त्याच आयपीवरून जाते, साइटचे नाव कार्यालयाच्या फायरवॉललाही (जाळ्यावरच्या पहारेकऱ्यालाही) दिसू शकते. नेहमीची चूक अशी : एका इन्कॉग्निटो विंडोत ग्राहक म्हणून लॉगिन करायचे, दुसरीत ॲडमिन म्हणून. क्रोममध्ये अशा सर्व विंडोंचा कुकीसाठा एकच असल्याने ॲडमिन आत येताच ग्राहकाचे सत्र जाते. एक खाते साध्या विंडोत, दुसरे इन्कॉग्निटोत, तिसऱ्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल हाच खात्रीचा मार्ग. शेवटची इन्कॉग्निटो विंडो मिटेपर्यंत कुकी टिकतात. क्रोम इथे तृतीय-पक्ष कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर दुसऱ्याच साइटच्या कुकी, आपसूक अडवतो. म्हणून आयफ्रेममधले (पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीतले) लॉगिन फक्त इन्कॉग्निटोत फसत असेल, तर कोड उकरण्याआधी ही सेटिंग पाहावी.

टॉर ब्राउझर : विनंती सहसा तीन रिलेंमधून, म्हणजे ती पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरांमधून, जाते. साइटला फक्त शेवटच्या रिलेचा आयपी दिसतो. एचटीटीपीएस (मजकूर कूटबद्ध करणारी जोडणी) नसेल तर मजकूर त्या रिलेलाही वाचता येतो. लोकलहोस्टवरचे (स्वतःच्याच संगणकावर चालवलेले) पान मूळ सेटिंगमध्ये उघडत नाही, कारण तीही विनंती टॉरच्या प्रॉक्सीकडे (मधल्या दुव्याकडे) वळते आणि टॉर अंतर्गत पत्ते नाकारतो. चाचणीसाठी पान सार्वजनिक पत्त्यावर ठेवावे लागते. घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगते : ऐरोलीत सकाळचे १०.३०, तर जावास्क्रिप्टला (पानात चालणाऱ्या कोडला) ५.००. पानाची रुंदीही टप्प्यांत कापली जाते. १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर साधारण १२०० मिळतात, म्हणून १२८० चा ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीपासून पानाची मांडणी बदलते ती मर्यादा) लागूच होत नाही. सुरक्षेची सर्वोच्च पातळी निवडल्यास साइटवरील जावास्क्रिप्ट बंद होते. त्याविना फॉर्म चालतो का, हे तपासायला ती फार उपयोगी पडते. एक्झिट म्हणजे शेवटच्या रिलेंची यादी जाहीर असल्याने अनेक साइट कॅप्चा (आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याची चाचणी) दाखवतात. एकाच रिलेमागे बरेच वापरकर्ते असल्याने आयपीनुसार विनंत्यांवर घातलेली मर्यादा भलत्यालाच अडवते.