जुन्या कौलारू घरावर पत्रे घालताना: परवानगी, कागदपत्रे आणि सरकारी मदतीचे नियम

कोकणात दर उन्हाळ्यात घर शाकारायचे काम आता अवघड होत चालले आहे. शाकारणी करणारी माणसे मिळत नाहीत, माकडे कौले फोडतात आणि घराचे मालक मुंबई-पुण्यात. म्हणून बरेच जण कौले उतरवून लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रे घालतात. फॅब्रिकेटरचे काम थोड्या दिवसांत उरकते. कागदांचे काम मात्र त्याच्याही आधी उरकायला हवे, कारण जुने छप्पर एकदा उतरले की ते किती उंच होते आणि पडवी कुठवर होती, हे दाखवायला काही उरत नाही.

परवानगी लागते का, याचे उत्तर बहुतेक वेळा उंचीवर ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे इमारतीच्या बाह्य स्वरूपात ठळक फरक न करणाऱ्या देखभाल-दुरुस्तीला विकास परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहिताही त्याच उंचीवर छप्पर नव्याने घालणे आणि वादळ-पावसाने पडलेला भाग पूर्वी होता तेवढाच पुन्हा बांधणे ही कामे परवानगीतून वगळते. संहिता मार्गदर्शक आहे, बंधनकारक असतात ते स्थानिक नियम. तरी अर्ज लिहिताना हाच धागा धरावा: तीच उंची, तेवढेच क्षेत्र, फक्त छपराचे साहित्य वेगळे.

घोटाळा होतो तो याच्या पुढे. सांगाडा करतोच आहोत तर भिंत दोन फूट चढवू, वर माळा निघेल. पुढे पत्र्याची शेड ओढू, गाडी राहील. हे केले की काम दुरुस्तीचे राहत नाही, ते वाढीव बांधकाम होते आणि त्याला रीतसर परवानगी लागते. आणखी एक गोष्ट गावात फार भांडणे लावते. पत्र्याला कौलांइतका उतार द्यावा लागत नाही, म्हणून छपराची कड नकळत बाहेर सरकते आणि पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडू लागतात. शेजाऱ्याच्या बाजूला पन्हाळ लावून पाणी आपल्याच हद्दीत उतरवणार, असे एक वाक्य अर्जातच टाका. तक्रार आली तर तेच वाक्य उपयोगी पडते.

अर्ज कुठे द्यायचा? घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये इमारत उभारणे किंवा पुन्हा उभारणे यासाठी पंचायतीची परवानगी सांगितली आहे. नुसते छप्पर बदलणे त्यात येत नाही असे तुमचे म्हणणे असले, तरी लेखी कळवून पोच घ्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांक पडला आहे ना, तेवढे पाहावे. तोंडी 'घाला हो, काही होत नाही' याला पुढे कोणी विचारत नाही. घर गावठाणाबाहेर असेल तर तहसील किंवा नगररचना कार्यालयात चौकशी करावी. नगरपंचायत, नगरपरिषदेच्या हद्दीत एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० बघितली जाते. मुंबई महापालिकेचे नियम वेगळे आहेत.

किल्ल्याजवळ किंवा जुन्या देवळाजवळ राहणाऱ्यांनी एक वेगळी खबरदारी घ्यावी. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. तिथे दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ग्रामपंचायतीचा कागद तिथे पुरत नाही.

अर्जासोबत जोडायचे ते असे: नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर-आकारणी नोंदीचा) चालू उतारा, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, आधारची प्रत, घराचे चारही बाजूंचे फोटो, आणि भिंतीची उंची, आढ्याची उंची, लांबी-रुंदी लिहिलेला साधा हाती नकाशा. फोटोत शेजारचे घर किंवा रस्ता दिसेल असे बघा. नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येणाऱ्या सेवांत आहेत, म्हणजे ते ठरलेल्या मुदतीत मिळणे तुमचा हक्क आहे.

नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, ती कर-आकारणीची नोंद आहे. कोकणात बहुतेक ठिकाणी त्यावर आजोबांचेच नाव असते. अशा वेळी आधी वारस नोंदीचा अर्ज करावा, आणि तोवर सगळ्या सहहिस्सेदारांचे संमतीपत्र जोडावे. चुलते, आत्या, मुंबईचे चुलतभाऊ, सगळ्यांच्या सह्या. एक सही राहिली तर तोच माणूस पुढे हरकत घेतो, हा गावोगावचा अनुभव आहे. सगळे एकत्र येतात ते गणपतीत नाहीतर शिमग्याला, म्हणून सह्या तेव्हाच उरकाव्यात आणि काम पुढच्या उन्हाळ्यात धरावे. अर्जातील माहितीसाठी साधे स्वयंघोषणापत्र बहुतेक ठिकाणी चालते. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने जिथे कायद्याने आवश्यक नाही तिथे प्रतिज्ञापत्राची सक्ती काढली आहे.

घरकुलाची वाट पाहणाऱ्यांनी मात्र पत्रे घालण्याआधी थांबून विचार करावा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) जुन्या घराच्या दुरुस्तीला पैसे देत नाही, नवीन घरकुलाला देते. ती मुळात बेघरांसाठी आणि कच्च्या भिंती, कच्चे छप्पर असलेल्या दोन खोल्यांपर्यंतच्या घरांसाठी आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत हाताने घडवलेली कौले कच्च्या छपरात धरली होती. यंत्रावर बनलेली कौले आणि लोखंडी पत्रे पक्क्या छपरात. म्हणजे यंत्रावर बनलेल्या मंगळुरी कौलांच्या घराला पत्रे घातल्याने या हिशेबात फरक पडत नाही, पण हाताने घडवलेल्या नळीच्या कौलांचे किंवा गवताचे छप्पर काढून पत्रे घातले तर पडताळणीत तुमचे घर पक्क्यात जाऊ शकते. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर ग्रामपंचायतीत स्थिती विचारूनच खर्च करा. पाऊस अडवायला तात्पुरती ताडपत्री टाकणे यात मोडत नाही.

वादळात छप्पर उडाले असेल तर वाट वेगळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत हजारो घरांची छपरे गेली, तेव्हा मदतीसाठी सगळ्यात आधी विचारला गेला तो पंचनामा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) येऊन पाहून जाईपर्यंत उडालेले पत्रे, फुटलेली कौले हलवू नका. हलवावीच लागली तर आधी फोटो काढा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि गोठ्याला ३,००० रुपये असे दर होते. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून हे दर वाढवू शकते, म्हणून त्या वर्षीचा निर्णय बघावा. रक्कम तुटपुंजी आहे, आजच्या भावात तेवढ्यात सांगाड्याचे लोखंडही होत नाही. पण तीही मिळायची तर घर अधिकृत असल्याची खात्री प्रशासनाने केलेली असावी लागते, आणि नमुना ८ वर नोंद नसलेली पडवी किंवा शेड पंचनाम्यात धरताना हमखास वाद होतो. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर ते आधीच करून घ्या.

काम झाल्यावर पक्के बिल ठेवा, त्यावर पत्र्याची जाडी आणि कंपनीचे नाव लिहून घ्या. नव्या छपराचे फोटो काढून अर्जाच्या पोचपावतीसोबत एकाच फाइलमध्ये लावा. घरपट्टी वाढेल अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. ग्रामपंचायतीची आकारणी क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवर होते, आणि प्रकार ठरतो तो मुख्यतः भिंती मातीच्या, मातीत बांधलेल्या दगड-विटांच्या, सिमेंटच्या की आरसीसीच्या, यावर. नुसत्या पत्र्याने वर्ग बदलू नये. पुढच्या फेरआकारणीत तो बदललेला दिसला, तर मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि जुन्या उताऱ्याची प्रत जोडावी.