मधल्या खटक्यात काय आहे? ऑन-ऑन-ऑन आणि ऑन-ऑफ-ऑन

दोन मिनी टॉगल स्विच शेजारी ठेवा. दोन्हींना सहा पाय, दोन्हींची दांडी तीन जागी थांबते, खटक्याचा आवाजही तोच. एक ऑन-ऑन-ऑन, दुसरा ऑन-ऑफ-ऑन. काही स्विचांच्या अंगावर तसं छापलेलं असतं, बऱ्याचदा काहीच नसतं.

दोन पिकअपच्या (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारं चुंबक-कॉइल) इलेक्ट्रिक गिटारवर मी पहिल्यांदा मिनी टॉगल बसवला तेव्हा वर नेक (गळ्याकडचा पिकअप) वाजला, खाली ब्रिज (दुसऱ्या टोकाचा) वाजला आणि मध्ये चिडीचूप. दोन तास डाख पुन्हा पुन्हा तापवत बसलो. डाख सगळे शाबूत होते, स्विचच ऑन-ऑफ-ऑन निघाला. मध्ये दोन्ही पिकअप वाजणारच हे आपण गृहीत धरतो, कारण 1952 च्या लेस पॉल गिटारपासून तिच्यावरच्या मोठ्या टॉगलने आपल्याला तीच सवय लावली आहे. मिनी टॉगलला ती सवय नाही.

स्विच उलटा करून पाय बघा. तीन-तीनचे दोन उभे स्तंभ. प्रत्येक स्तंभातला मधला पाय सामाईक, तो वरच्याला तरी जोडला जातो नाहीतर खालच्याला. आत सी-सॉसारखी पट्टी असते, त्यामुळे दांडी वर केली की जोड खालच्या पायाशी लागतो आणि खाली केली की वरच्याशी. इथवर दोन्ही स्विच सारखेच वागतात. दांडी मध्ये आली की ऑन-ऑफ-ऑनचे सामाईक पाय कुणालाच चिकटत नाहीत, सगळं सुटं. ऑन-ऑन-ऑनमध्ये एक स्तंभ वरच्या पायाशी जोडलेला राहतो आणि दुसरा खालच्याशी, म्हणजे जोड तिरके लागतात.

पिकअप निवडायला हा तिरकेपणाच हवा. दोन्ही सामाईक पाय एकमेकांना जोडून तिथून आउटपुट घ्यायचं. ब्रिजची गरम वायर (आवाजाचा सिग्नल नेणारी) डाव्या स्तंभाच्या वरच्या पायावर, नेकची उजव्याच्या खालच्या पायावर, उरलेले दोन पाय रिकामे. दांडी वर केली की नेक, खाली केली की ब्रिज, मध्ये दोन्ही.

पण थांबा, तिरका जोड दोन तऱ्हांचा असतो. काही ऑन-ऑन-ऑन मध्ये डावा-वर आणि उजवा-खाली जोडतात, काही नेमके उलट. वरची जोडणी दुसऱ्या तऱ्हेच्या स्विचवर केली तर मध्ये पुन्हा शांतता, आणि तुम्ही दुकानदाराने ऑन-ऑफ-ऑन दिला म्हणून चडफडत बसाल. स्विच अर्धा फिरवून बसवू म्हणाल तर तेही फुकट. डावा-वर कोपरा फिरून उजवा-खाली होतो, म्हणजे कर्ण तोच राहतो. वायरीच दुसऱ्या कर्णावर न्याव्या लागतात. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मल्टीमीटर बीपवर लावायचा, दांडी मध्ये ठेवायची आणि दोन्ही सामाईक पायांपासून आपापल्या स्तंभाचे, असे चारही कोपरे तपासायचे. एकही बीप नाही म्हणजे ऑन-ऑफ-ऑन. दोन बीप आले की ते कुठे आले ते कागदावर लिहून ठेवायचं.

मग ऑन-ऑफ-ऑन घ्यावाच कशाला? त्यातला ‘ऑफ’ गिटारचा नसतो, स्विचच्या जोडांचा असतो. कुठलाच जोड न लागणं कधीकधी हवंच असतं. चार वायरींच्या हंबकरमध्ये, म्हणजे घरघर मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, त्या दोन कॉइल जिथे एकमेकांना जोडल्या जातात तो सांधा सामाईक पायावर आणा. त्या स्तंभाच्या एका टोकाच्या पायाला ग्राउंड, दुसऱ्या टोकाच्या पायाला त्याच पिकअपची गरम वायर. एका बाजूला एक कॉइल शॉर्ट होऊन दुसरी एकटी वाजते, दुसऱ्या बाजूला त्याच्या उलट. मध्ये सांध्याला कुणी हात लावत नाही, म्हणून पूर्ण हंबकर वाजतो. या कामाला एकच स्तंभ पुरतो, तीन पायांचा स्विचही चालेल.

हंबकर आणि ऑन-ऑन-ऑन यांची नेहमीची जोडणी वेगळी: सिरीज, एकच कॉइल, पॅरलल. मला स्वतःला हीच जास्त उपयोगी वाटते. दोन कॉइल एकेकट्या वाजवल्या तर त्यांच्यातला फरक बँडच्या गोंगाटात हरवतो, आणि एकट्या कॉइलची घरघर दांडीच्या दोन्ही टोकांना असतेच. पॅरललमध्ये आवाज हलका आणि उघडा होतो, तरी घरघर मरते. जोडणी जमली का, हे वाजवण्याआधीच कळतं. जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाला रोध मोजा. कॉइल चार-चार किलोओहमच्या असतील तर सिरीजला आठच्या जवळपास, एकटीला चार, पॅरललला दोन दिसायला हवेत. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) समांतर असल्यामुळे आकडा किंचित कमी येतो, तेवढ्याने घाबरू नका.

डाख लावताना एका पायावर दोन-तीन सेकंदांहून जास्त रेंगाळू नका. या स्विचांचं प्लास्टिक मऊ पडलं की पाय हलतो आणि आतला जोड कायमचा बिघडतो.

विकत घेताना कंसही बघा. नावातला एखादा ‘ऑन’ कंसात असेल तर त्या बाजूला स्प्रिंग आहे, बोट काढलं की दांडी परत येते. पिकअप निवडायला तो कुचकामी. गरम वायर क्षणभर ग्राउंड करून आवाज तुकड्यातुकड्यांत तोडायचा असेल, तर मात्र तोच मागा.