निळ्या शेपटीने दोनशे वर्षे घातलेला घोळ

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली पाच पट्ट्यांची सापसुरळी शास्त्राच्या दप्तरी पोचली ती शेपटीच्या जोरावर. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गअभ्यासकाने कॅरोलिनातल्या जीवसृष्टीवरच्या आपल्या ग्रंथात निळ्या शेपटीचा एक सरडा रंगवला होता. त्याच्या आधारे सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तिचे नामकरण केले.

पुढचा गोंधळही शेपटीनेच घातला. काळेभोर अंग, पाच फिकट पट्टे आणि झळझळीत निळी शेपटी हा थाट मुख्यतः पिल्लांचा. नर वयात आला की पट्टे विरतात, अंग तपकिरी होते आणि विणीच्या हंगामात जबडा लालसर नारिंगी दिसू लागतो. साहजिकच निळ्या शेपटीचे आणि लाल डोक्याचे प्राणी वेगळे मानले गेले. हा गैरसमज निस्तरताना अभ्यासक दुसऱ्या टोकाला गेले आणि दिसेल त्या निळ्या शेपटीला एकाच जातीत कोंबले. प्रत्यक्षात जाती तीन आहेत, हे कॅन्ससच्या एडवर्ड टेलर यांनी १९३२ मध्ये मांडले. त्यांतल्या दोघींमधला फरक शेपटीच्या खालच्या बाजूला सापडतो: एकीत मधल्या रांगेतले खवले शेजारच्यांपेक्षा रुंद, दुसरीत सगळे सारखे. रंगाकडे बघत बसणाऱ्यांना तो दिसणार कसा?

पाच पट्ट्यांच्या सापसुरळीचा संसार नीट कळला तो हेन्री फिच या अभ्यासकामुळे. लॉरेन्स गावाजवळच्या, कॅन्सस विद्यापीठाच्या राखीव रानात त्यांनी सापसुरळ्या पकडल्या, खुणा करून सोडल्या, पुन्हा पकडल्या. १९५४ मध्ये त्यावरचा प्रबंध आला. मादी कुजक्या ओंडक्यात पोकळी करून अंडी घालते आणि त्यांना वेटोळे घालून बसते. अंडी फिरवते, घरंगळलेले परत आणते, नासलेले खाऊन टाकते. पिल्ले बाहेर आली की दोनेक दिवसांत हे नाते संपते.

शेपटी निळी का, यावर मात्र वाद झाला. क्लार्क आणि हॉल या संशोधकांनी १९७० मध्ये म्हटले की हा रंग पाहून मोठे नर पिल्लांवर धावून जात नाहीत. शत्रूचा घाव डोक्याऐवजी शेपटीवर पडावा, हे दुसरे स्पष्टीकरण मला जास्त पटते. तुटलेली शेपटी बराच वेळ वळवळत राहते, ती उगाच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काही लोक या प्राण्याला विषारी समजतात. आपल्याकडे सापाच्या मावशीबद्दल हेच बोलले जाते. दोन्हीकडे विषाचा पत्ता नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या या सापसुरळ्या ‘युमेसीस’मधून ‘प्लेस्टिओडॉन’ या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गेल्या. पाच पट्ट्यांची सापसुरळी हा कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला सरड्यांच्या कुळातला एकमेव स्थानिक प्राणी. तिथल्या पॉइंट पेली उद्यानात लाकूडफाटा नाहीसा झाला तसा तिचा आसराही गेला, म्हणून मुद्दाम फळ्या टाकण्यात आल्या. २००७ मध्ये तज्ज्ञ समितीने प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या सापसुरळ्यांना ‘संकटग्रस्त’ ठरवले; उत्तरेकडच्या खडकाळ भागातल्यांना त्याहून सौम्य वर्ग मिळाला.